ई. कोलाय, मे महिना आणि एसी रूमचा अर्ज

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी जेलीफिशचं जीएफपी, म्हणजे यूव्हीखाली हिरवं चमकणारं प्रोटीन, बॅक्टेरियाकडून बनवून घेतलं, यवतमाळकडच्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजात, अन त्यात खरा जीव खाल्ला तो एका सहीनं.

प्लास्मिड, म्हणजे हा जीन असलेली डीएनएची छोटी गोल कडी, बॅक्टेरियात घालणं दोन दिवसांत झालं. ई. कोलाय हा आमचा बॅक्टेरिया आधी बर्फात, मग ४२ डिग्रीला ४५ सेकंद, परत बर्फात, मग कॅनामायसिन या अँटिबायोटिकच्या प्लेटवर ज्यानं प्लास्मिड घेतलं तोच जगतो. आयपीटीजी हे केमिकल टाकलं की जीनवरचं कुलूप निघतं अन बॅक्टेरिया आपलं प्रोटीन काढायला लागतो. १९८२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं ह्यूमन इन्सुलिन असंच ई. कोलायमधून काढलेलं. आईला सांगितलं तर म्हणे, "मंग मी जंतूचं औषध टोचून घेतो का रे?" मी म्हटलं, जंतू नाही माय, फक्त त्यानं बनवलेलं.

अडलं ते पुढे. आमच्या शेकरला, म्हणजे बॅक्टेरिया हलवत वाढवायच्या मशीनला, कूलिंग नाही, मे महिन्यात ३७ लावला तर ४१ दाखवायचा. पेशी फोडून फिरवल्या, तर प्रोटीन वजनाप्रमाणे वेगळी करणाऱ्या जेलवर २७ किलोडाल्टनला, म्हणजे जीएफपीच्या वजनाच्या जागी, जाड पट्टा दिसला, पण सगळा गाळात, वरच्या पाण्यात काहीच नाही, अन यूव्हीखाली चमकही नाही. म्हणजे प्रोटीन बनत होतं, पण घाईघाईत, नीट घडी न पडता त्याचे गोळे होत होते. हे जेलीफिश थंड समुद्रातलं, त्याला आमचा उन्हाळा कसा मानवणार! मॅडम म्हणाल्या, आयपीटीजी कमी कर अन २५ डिग्रीला रात्रभर ठेव.

थंड खोली एकच, कॉम्प्युटर लॅब. अर्ज दिला. ऑफिसमधले बाबू म्हणाले, कॉम्प्युटरजवळ जंतू चालत नाही. हा लॅबचा कमजोर केलेला प्रकार आहे, कोणाला काही होत नाही, हे लिहून दिलं. मग विभागप्रमुखांची सही, मग प्राचार्य सर नागपूरले गेले, मग अर्जच सापडेना, पुन्हा लिहिला, पुन्हा सह्या. १९ दिवस गेले, सबमिशन तोंडावर आलेलं, मी रोज त्या बाकावर बसून यायचो. तुम्ही कोणी असा अर्ज देत असाल तर आवक नंबर लिहून घ्या अन झेरॉक्सवर शिक्का मारून घ्या, खरंच.

सही मिळाली त्याच रात्री शेकर चालू केला, नशिबानं लाईन गेली नाही. सकाळी कल्चर, म्हणजे बॅक्टेरिया वाढलेलं पाणी, सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवलं तर तळाची गोळीच पोपटी, यूव्ही लॅम्प न लावताही दिसत होती. पेशी फोडल्यावर वरचं पाणीसुद्धा हिरवं. मी ट्यूब हातात धरून पाच मिनिटं खिडकीत उभा होतो.

हां, आयपीटीजी टाकायच्या आधी १ मिली कल्चर बाजूला काढून ठेवा. मी पहिल्या वेळी ठेवलं नव्हतं, मग जेलवर तुलना करायला काहीच नव्हतं.