शेरलॉक होम्स, व्हाइटचॅपल आणि हद्दीचा घोळ

खऱ्या, न उलगडलेल्या खुनांच्या तपासात काल्पनिक डिटेक्टिव्ह घुसवायचा म्हटलं की पहिल्याच पानावर पेच पडतो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातले १८८८ मधले खून, म्हणजे 'जॅक द रिपर'चे, आजही उलगडलेले नाहीत, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. होम्सने खुनी जगासमोर उभा केला तर इतिहास खोटा ठरतो आणि त्याला तो सापडलाच नाही तर होम्स कसला? मग त्याने खुनी शोधायचा आणि तोंड मिटून बसायचं, एवढीच वाट उरते. १९६५ च्या 'अ स्टडी इन टेरर' या सिनेमाने तीच धरली, १९७९ च्या 'मर्डर बाय डिक्री'नेही तीच. पहिल्यात खुनी आगीत मरतो आणि होम्स नाव पोटात ठेवतो. तिथे फारसं काही पणाला लागत नाही. दुसऱ्यात समोर खुद्द पंतप्रधान बसलेला असतो आणि होम्सच्या गप्प राहण्यावर एका लहान मुलीचा जीव अवलंबून असतो. म्हणून दुसरा सरस.

सांगलीत एकांकिका लिहिणाऱ्यांची वाण नाही. त्यातल्या ज्यांच्या डोक्यात एखादा जुना, खरा गुन्हा घोळतोय, त्यांनी बॉब क्लार्कचा हा दुसरा सिनेमा, 'मर्डर बाय डिक्री', वही घेऊन पाहावा. खुनी कोण, याकडे फार लक्ष देऊ नका. खऱ्या नोंदीतल्या कुठल्या भेगेत पटकथेने पाचर मारली आहे, ते बघा.

सगळ्यात मोठी भेग ३० सप्टेंबरच्या पहाटेची. बळींपैकी एक, कॅथरीन एडोज, हिचा मृतदेह सापडला मायटर स्क्वेअरमध्ये. ती हद्द सिटी ऑफ लंडन, म्हणजे लंडनच्या जुन्या मध्यभागाच्या वेगळ्या पोलिसांची. तिच्या एप्रनचा कापलेला तुकडा सापडला गुलस्टन स्ट्रीटवर. ती हद्द मेट्रोपॉलिटन, म्हणजे बाकीच्या लंडनच्या पोलिसांची. आपल्या भागातल्या माणसाला हा घोळ समजावून सांगायला नको. त्याच काळात सांगली एका पटवर्धनांच्या संस्थानात, मिरज दुसऱ्या पटवर्धनांकडे आणि तासगाव इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात होतं. तर त्या तुकड्याच्या वर भिंतीवर खडूने ज्यूंबद्दल एक ओळ लिहिलेली होती. सिटीवाले फोटो काढू म्हणत होते. मेट्रोपॉलिटनचा आयुक्त सर चार्ल्स वॉरन उजाडायच्या आत स्वतः आला आणि ओळ पुसली गेली. कारण दिलं ते असं, की रविवार आहे, थोड्या वेळात बाजार भरेल, ज्यूंवर लोक उठतील. वॉरन फ्रीमेसन, म्हणजे एका गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुसंघाचा सदस्य होता हे खरं आहे, आणि सिनेमाने तेवढ्या खुंटीला अख्खा कट टांगला.

हा कट असा: राणी व्हिक्टोरियाचा नातू राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टरने ॲनी क्रूक नावाच्या साध्या घरातल्या मुलीशी गुपचूप लग्न केलं, मूल झालं, आणि ते माहीत असलेल्या बायका एकेक करून संपवल्या. ही गोष्ट मुळात जोसेफ सिकर्ट नावाच्या माणसाने पसरवलेली. त्यातला खुनांचा भाग बनाव असल्याचं त्याने १९७८ मध्येच कबूल केलं होतं, म्हणजे सिनेमा पडद्यावर यायच्या आधी. शिवाय त्या रात्री राजपुत्र स्कॉटलंडमध्ये होता. ज्या सर विल्यम गलवर या गोष्टीत आळ घेतला जातो, तो राणीचा डॉक्टर १८८८ मध्ये सत्तरी ओलांडलेला होता आणि आदल्याच वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. सिनेमात त्याच्या जागी वेगळ्या नावाचा डॉक्टर आहे, हे शहाणपणाचं.

सिनेमात खुनी ज्या काळ्या बग्गीतून हिंडतात ती पडद्यावर झकास दिसते, पण नोंदींपुढे तीच सगळ्यात आधी कोसळते. शिपाई वॉटकिन्स दीडच्या सुमाराला मायटर स्क्वेअरमधून गेला तेव्हा तिथे कोणी नव्हतं. पुढच्या फेरीत, पावणेदोनच्या सुमाराला, त्याला प्रेत दिसलं. चौकालगतच्या गोदामात मॉरिस नावाचा राखणदार जागा होता, त्याचं दार किलकिलं होतं, आणि त्याने काहीच ऐकलं नाही. मध्यरात्री फरसबंदीवर घोड्याच्या टापा आणि लोखंडी धावेचं चाक, आणि याच्या कानावर नाही? बाकी एक धागा मात्र लेखकाला आयताच मिळालेला आहे. एडोज दारू पिऊन पडली म्हणून बिशपगेट चौकीत होती. एकच्या सुमाराला तिला सोडलं, तेव्हा तिने नाव सांगितलं मेरी ॲन केली. शेवटचा बळी मेरी जेन केली! चुकून भलतीच बाई मारली गेली, हा तर्क इथूनच निघतो. एडोज ज्याच्यासोबत राहायची त्याचं आडनाव केली होतं, एवढी साधी गोष्ट तेव्हा कोणी बघत नाही.

तरी सिनेमा टिकतो तो होम्स झालेल्या क्रिस्टोफर प्लमर आणि वॉटसन झालेल्या जेम्स मेसनमुळे. वॉटसन ताटातला शेवटचा मटार काट्याने पकडू बघतोय, तो निसटतोय, आणि होम्स आपला काटा मारून तो चिरडून टाकतो. वॉटसन खरोखर दुखावतो. त्याला तो अख्खा दाणा तोंडात फुटायला हवा होता. दोघांची कितीतरी वर्षांची सोबत या एका दाण्यात येते. म्हणून वेड्यांच्या इस्पितळात ॲनीला भेटल्यावर या होम्सच्या डोळ्यांत पाणी येतं, तेव्हा ते नाटकी वाटत नाही.

लिहायला बसाल तेव्हा आधी मिनिटांचा तक्ता करा: कोण कुठे, किती वाजता, कोणाच्या जबानीवरून. तुमचा डिटेक्टिव्ह फक्त रिकाम्या रकान्यांत हिंडू दे. नोंदीतल्या माणसाच्या तोंडी नवा पुरावा घालू नका, त्यासाठी काल्पनिक पात्र आणा. खुनाचा आळही काल्पनिक माणसावरच घ्या. बोटांचे ठसे आणायचा मोह होईल, पण स्कॉटलंड यार्डात तो विभाग १९०१ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे कलकत्त्यात त्याच्याही आधी, १८९७ मध्ये. डाग माणसाच्या रक्ताचा की जनावराच्या, हे ठरवणारी भरवशाची चाचणीही १९०१ चीच. धुराचं मशीन जपून वापरा, त्या रात्री धुकं नव्हतं, आधी पाऊस पडून गेला होता. शिपायाच्या हातात झडपेचा कंदील द्या आणि जवळ शिट्टी; मदतीला बोलावण्यासाठी वाजवायचे लाकडी खुळखुळे तोवर बंद झाले होते.