घोटलं, कुस्करलं, वाढलं

सोमवार, रात्री

मामाजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, उरलेसुरले दात काढून झाले. हिरड्या भरून आल्याशिवाय कवळी बसवता येत नाही, तोवर मऊ खा, असं डॉक्टरांनी सांगितलं. इकडे ननंदबाई संक्रांतीला माहेरी आल्यात. त्यांच्या बाळीला सहा महिने पूर्ण झाले, तिचं उष्टावणही झालं. म्हणजे घरात आता दोन बिनदाताची माणसं. एक ऐंशीकडे झुकलेलं आणि एक उशीचा टेकू लावल्यावर बसणारं. दोघांच्या जेवणाचं आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्यावर सोपवलं. मला बरं वाटलं, कारण या बाबतीत माझ्या मनात बरंच काही साचलेलं आहे.

आपल्याकडे मऊ जेवण म्हणजे आजाऱ्याचं जेवण. खिचडीत पाणी वाढवायचं, वरणात भात कालवायचा, दुधात भाकर मोडायची, की झालं. भाजीचं कोणी नावच काढत नाही. बाकीच्यांच्या ताटात तर्रीवाला रस्सा आणि म्हाताऱ्या माणसाच्या वाटीत फिका गोळा. मामाजींनी जन्मभर वावरात ठेचा-भाकर खाल्ली, उन्हात वखर हाकला. आज दुपारी त्यांनी खिचडीची थाळी बाजूला सारली. "सूनबाई, मले भूक नाई," म्हणाले. भूक होती. वांग्या-आलूच्या भाजीचा गंज चुलीवरून उतरवला तेव्हा त्यांची नजर तिकडेच होती. मला फार लागलं ते.

उद्यापासून रोज एक भाजी. घोटून, कुस्करून, पण भाजीसारखी भाजी. चवीनं केलेली आणि ताटात वाढलेली.

मंगळवार

आज कोहळं, म्हणजे लाल भोपळा. माळवदावर दिवाळीपासून एक ठेवलेलं होतं, बुडाशी पिवळं पडलेलं, वरून टणक. कोहळ्याचं हे बरं असतं, देठासकट ठेवलं की महिनोन्‌महिने टिकतं. कापताना मात्र विळी नीट दाबून धरावी लागते.

साल काढायच्या भानगडीत मी पडत नाही. सालीसकट मोठ्या फोडी करायच्या, आतल्या बिया आणि दोऱ्या काढायच्या आणि फोडी वाफेवर शिजवायच्या. पाण्यात बुडवून शिजवल्या की संपलं. कोहळ्यात मुळातच नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यात आणखी पाणी शिरलं की भाजीचा रबरबीत काला होतो आणि चवही पाण्याबरोबर जाते. वाफवलेल्या फोडीतला गर चमच्यानं खरवडला की सहज सुटून येतो, साल मागे राहते. मग तो गर जाड बुडाच्या कढईत घ्यायचा आणि मंद आचेवर सराट्यानं हलवत राहायचा. आधी नुसती वाफ निघते. मग कडेनं फुटफुट असा आवाज येतो, गराचा रंग केशरीकडून गडद होतो, सराटा फिरवला की कढईचं बूड क्षणभर दिसतं आणि पुन्हा झाकलं जातं. इथं थांबायचं. ओलावा उडाला की कोहळ्याची गोडी वर येते, गुळाची गरज राहत नाही.

बाळीचा वाटा इथंच काढला, मीठ न घालता. वर्षाच्या आतल्या लेकराला वरून मीठ नको, साखर नको. मध तर अजिबात नको. त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या लेकरांना गंभीर विषबाधा होऊ शकते. आत्याबाईंच्या काळी बोटभर मध चाटवायचे. त्यांना हे पटायला वेळ लागला, पण पटलं. बाळीच्या वाटीत अर्धा चमचा घरचं तूप घातलं. कोहळ्याच्या त्या केशरी रंगातूनच शरीर अ जीवनसत्त्व बनवतं आणि ते अंगी लागायला सोबत थोडी स्निग्धता लागते. तूप त्यासाठी.

मग उरलेल्या गरात मीठ, आणि वरून तुपात जिरं, हिंग, ठेचलेला लसूण आणि एक लाल मिरची अख्खी. मिरची नंतर काढून टाकली, तिचा वास तेवढा राहिला.

"कोहळ्यात काय दम हाय बाप्पा," आत्याबाई म्हणाल्या. मामाजी काहीच बोलले नाहीत. वाटी चाटून पुसून संपवली आणि पुढं केली.

बुधवार

सकाळपासून लाईन नव्हती. मिक्सर बंद, म्हणून ननंदबाई काळजीत. मला तर या कामात मिक्सर नकोच असतो. विशेषतः आलूला. उकडलेला आलू मिक्सरमध्ये फिरवला की त्यातली पिष्टाची पेशी न् पेशी फुटते आणि भाजीची खळीसारखी चिकट लगदी होते, टाळूला चिकटते. दात नसलेल्या माणसाला ती गिळणं आणखी अवघड. आलू सालीसकट उकडायचा, गरम असतानाच सोलायचा आणि पळीच्या पाठीनं दाबायचा. वरून खाली, घुसळायचा नाही. गार झाल्यावर गाठी राहतात, म्हणून हात भाजले तरी गरमच.

आज आलूत गाजर घातलं. गाजराला आलूपेक्षा जास्त वेळ लागतो, तेव्हा ते बारीक चिरून वेगळं शिजवलं. त्याचं उरलेलं पाणी फेकलं नाही, तेच घालून भाजी सैल केली. मामाजींच्या वाटीत साय, मीठ, चिमूटभर वायगावच्या हळदीची फोडणी आणि खूप सारा सांबार, म्हणजे कोथिंबीर, अगदी बारीक चिरून.

बाळीचं दाटपण हा वेगळाच विषय. ननंदबाई पाणी घालघालून पातळ करत होत्या, घशात अडकेल या भीतीनं. भीती समजते मला. पण इतकं पातळ केलं की पोट पाण्यानंच भरतं. चमचा तिरपा केला तरी चटकन ओघळू नये, इतपत दाट असावं. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा, अंगावरचं दूध चालूच. मग हळूहळू वाढवत आठव्या महिन्यापर्यंत एका वेळी अर्धी वाटी, म्हणजे २५० मिलीच्या वाटीची अर्धी. आणि जन्मभर गुळगुळीत घोटून द्यायचं नाही. जरा मोठी झाली की बारीक कण राहू द्यायचे, नवव्या महिन्यानंतर बोटांनी उचलता येईल असा मऊ तुकडा हातात द्यायचा. चावायला शिकणं हेही शिकणंच आहे.

"वहिनी, थुकून राहिली न हे," ननंदबाई म्हणाल्या.

"थुको द्या. उद्या पुन्हा द्या. तिले नवीन हाय ते."

जबरदस्ती मात्र नाही. तोंड फिरवलं की वाटी उचलायची.

गुरुवार

बाजाराचा दिवस. पालकाच्या दोन जुड्या, आंबट चुका, रताळी. भरताची वांगी चांगली नव्हती, सगळ्यांना अळीची भोकं.

पालक मूगडाळीसोबत केला. आज त्याचं कारण मामाजींना सांगितलं. नुसत्या भाजीवर म्हातारं शरीर टिकत नाही, हातापायातलं मांस झडतं. म्हणून घोटलेल्या भाजीत डाळ, दही, दाण्याचं बारीक कूट, काहीतरी रोज पडलंच पाहिजे. डाळ आधी मऊ शिजवली, पालक वेगळा, झाकण न ठेवता, उकळत्या पाण्यात जेमतेम मरगळेपर्यंत. झाकून ठेवला की तो काळपट पडतो आणि मग बघूनच खावासा वाटत नाही. दोन्ही एकत्र करून रवीनं घोटलं. मामाजींना आंबट लागतं म्हणून चुक्याची चार पानं त्यांच्या वाट्यात. बाकीच्यांना वाढताना लिंबू पिळलं, त्यानं पालेभाजीतलं लोह जास्त चांगलं अंगी लागतं.

जेवताना मामाजी खुलले होते. आमचं गाव सेवाग्रामपासून सायकलच्या अंतरावर. त्यांचे वडील तरुणपणी आश्रमात जायचे. गांधीजी १९३६ साली तिथं राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. टपाल बुलढाण्याकडच्या शेगावला जायचं म्हणून १९४० साली सेवाग्राम झालं. मामाजी वडिलांना बुवा म्हणत. "बुवा सांगे, तिथं भाजी नुसती उकडलेली. ना फोडणी, ना मसाला. पण पंगतीत सगळे बसत, सगळ्यायले तेच." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुह्या भाजीले फोडणी त हाय."

मला त्यातलं पंगतीचं बोलणं फार पटलं. मामाजींना गेल्या आठवड्यापासून आम्ही आधी वाढत होतो, वेगळं, खाटेवर. उशिरापर्यंत उपाशी राहू नयेत म्हणून. पण त्यात त्यांची पंगत सुटली होती. आजपासून सगळ्यांबरोबर, ताटावर. टेकू देऊन ताठ बसवलं, लहान घास, घाई नाही. या वयात ठसका लागायला नको, तेव्हा एवढं सांभाळायचंच. आणि घोटलेली भाजी सगळ्यांच्याच ताटात. पोरांनी पोळीशी खाल्ली, धन्यांनी वर कच्चं तेल आणि तिखट घेतलं. एकच गंज, ज्याचं त्याचं वरून घेणं वेगळं. मला कामही कमी पडलं.

शनिवार, वावरातून आल्यावर

आज भरीत. शेजारच्या वावरातून वांगी मिळाली, मोठी, चकचकीत, देठ हिरवेगार. तूर सवंगून झाली आहे, धुऱ्यावर तुराट्यांचा ढीग पडलाय, मग घरी कशाला भाजायची? मामाजींनाही बैलबंडीत बसवून नेलं. किती दिवसांनी वावरात आले ते.

भरीत हा आपल्या कुस्करलेल्या भाज्यांचा राजा, यात मला शंका नाही. आणि कोणी त्याला आजाऱ्याचं म्हणत नाही. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात, आमच्याकडे चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं त्या दिवशी घरात येतं. देवाला जे मऊ चालतं ते माणसाच्या ताटात कमीपणाचं कसं?

वांग्याला तेलाचा हात लावला, सुरीनं दोन-तीन जागी टोचलं, नाहीतर आतली वाफ कोंडून ते फुटतं. टोचताना आत अळी आहे का तेही कळतं. तुराट्यांचा जाळ झपकन उठतो आणि झपकन बसतो. त्या जाळात साल काळी होते. आतलं शिजतं ते मागच्या आरावर. म्हणून जाळात एकदा सगळ्या अंगानं फिरवून घ्यायचं आणि मग आरात ठेवून द्यायचं. देठाजवळ दाबून बघायचं. तिथं मऊ लागलं की झालं, कारण देठाजवळचा भाग सगळ्यात शेवटी शिजतो. काढल्यावर लगेच सोलू नये. गंजात घालून झाकण ठेवलं की सालीचा पापुद्रा आपोआप सुटतो. सोलताना पाण्याखाली धरलं तर धुराचा सगळा वास वाहून जातो. बोटं तेवढी पाण्यात बुडवायची. तिरप्या ताटलीत ठेवलं की काळं कडसर पाणी निथळतं, ते टाकून द्यायचं.

मामाजींसाठी मी फक्त एवढंच वेगळं केलं: गरातले दोरे आणि सालीचे कण बोटांनी शोधून काढले, कांद्याची पात कच्ची न घालता तेलात मऊ करून घेतली, आणि आरात भाजलेली एकच हिरवी मिरची, बिया काढून, लसणाबरोबर वाटून घातली. दाण्याचं कूट अगदी बारीक. बाकीच्यांच्या भरतात पात कच्ची आणि मिरच्या भरपूर.

ज्वारीची भाकर कडा सोडून मधली मऊ तेवढी कुस्करली, वर भरीत, वर चमचाभर कच्चं तेल. मामाजींनी ते हातानं कालवलं, स्वतः. घास हिरड्यांवर फिरवत सावकाश जेवले. मध्येच म्हणाले, "जरा तिखट कमी हाय." एवढं ऐकून मला जो आनंद झाला तो लिहून सांगता येणार नाही. ज्याला चव लागते तोच तिखट कमी म्हणतो.

रविवार

हळदीकुंकवाला बाया आल्या होत्या. मंगळवारच्या कोहळ्याची एक फोड शिल्लक होती, ती वाफवून तिच्या गरात गूळ, वेलची आणि मावेल तेवढी कणीक घालून बोंडं तळली. सगळ्यांना आवडली.

दुपारी रताळी चुलीच्या गरम राखेत पुरली होती. रताळं सावकाश तापलं की त्यातल्या पिष्टाची साखर होते, म्हणून कुकरपेक्षा राखेतलं जास्त गोड लागतं. साल काढून काट्यानं कुस्करलं, बाळीला तसंच, मामाजींना दुधात. बाळीनं आज तोंड फिरवलं नाही. बुधवारी थुंकलेलं गाजरही संध्याकाळी खाल्लं.

ननंदबाई मंगळवारी सासरी जातील. त्यांच्याकडेही आजेसासू आहेत, दात नाहीत, दूध-भाकरीवर असतात. जाताना मला लिहून मागितलंय. वहीचं पान फाडून भाज्या लिहिल्या, कोणती वाफेवर, कोणती पाण्यात, कोणती घोटायची, कोणती नुसती दाबायची. डाळ-कुटाचं लिहिलं. आणि बाळीचा वाटा काढल्यावरच मीठ, ही ओळ लाल पेनानं अधोरेखित करून दिली.