नोकरी शोधणाऱ्याला स्वयंसेवक म्हणून घेताना

आमच्या संस्थेत स्वयंसेवकांचं काम मी बघते. नोकरी शोधणारं कुणी आलं की माझा पहिला प्रश्न आमच्याच लोकांना असतो: हे काम आजवर पगारी माणूस करत होता का? करत असेल, तर तिथे स्वयंसेवक बसवायचा नाही. पगार वाचवण्यासाठी बेरोजगाराला राबवणं हा अन्याय आहे, आणि यात मी तडजोड करत नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने भरवलेल्या कामगार-संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेने २०१३ साली स्वयंसेवी कामाची व्याख्या केली: बिनपगारी, सक्तीविना, इतरांसाठी केलेलं काम. म्हणजे ‘आला नाहीत तर अनुभवाचं पत्र मिळणार नाही’ ही भाषा बादच.

कामाचं लेखी वर्णन, ठरलेले तास, अपघात विमा हे तर हवंच. लहान मुलांमध्ये काम असेल तर स्वयंसेवकाच्या पार्श्वभूमीची पडताळणीही. पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो देखरेखीसाठी नेमलेला एक माणूस. ‘कुणालाही विचारा’ म्हटलं की नवखा कुणालाच विचारत नाही.

मुलाखतीचं बोलावणं आलं की सुट्टी, कुरकुर न करता. प्रवासखर्च लगेच द्यावा. कमाई थांबलेल्याला तोही जड जातो. आणि निघताना पत्रात नेमकी कामं लिहावीत. नुसत्या ‘चांगलं काम केलं’वरून पुढच्या मालकाला काहीच कळत नाही.