तुम्ही विचारलंत म्हणून: तो सिनेमा अर्धाच का राहिला

लग्नात, कट्ट्यावर, बालगंधर्वच्या बाहेर, जो भेटेल तो विचारतो, "अरे, त्या सिनेमाचं काय झालं?" पैसे संपले, असं सांगत आलो. मुळात पैसे होते कुठे!

गोष्ट घराच्या सिक्युरिटीचीच होती. आपोआप लागणाऱ्या कुलपांत कोंडलं गेलेलं कुटुंब. सगळं एका फ्लॅटमध्ये, म्हणजे स्वस्तात. 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' दिग्दर्शकाने स्वतःच्या घरात, साधारण १५ हजार डॉलरांत काढला, हे मी येईल त्याला ऐकवायचो. आणि 'द पर्ज'ला (२०१३) हसायचो. बाप सिक्युरिटी सिस्टिम विकणारा, आणि पोरगं रस्त्यावरच्या एका जखमी माणसासाठी ती बंद करून मोकळं! आळशी पटकथा, म्हणायचो.

मावशी लग्नाला सोलापूरला गेली आणि तिचा कोथरूडचा फ्लॅट चार दिवस आमच्या ताब्यात आला. टीव्हीखाली तिच्या खऱ्याखुऱ्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा. त्याच्या पंख्याची घूं घूं माइकमध्ये यायला लागली. साउंडवाला वैतागला, मी प्लग काढला. डबिंगला पैसे नसताना कुणीही काढला असता. परत लावायचा राहिला तो मात्र माझ्याकडून. शिवाय किल्ली कुंडीखाली, सकाळी लाइटवाले खोळंबायला नकोत म्हणून. सिनेमातलं पोरगं निदान कुणाला तरी वाचवायला सिस्टिम बंद करतं.

रात्री कपाट फुटलं. मावशीच्या सासूबाईंच्या पाटल्या गेल्या.

फुटेज ४ वाजून १२ मिनिटांनी संपतं. रिकामा हॉल, भिंतीला टेकवलेले थर्माकोल, आणि प्लगकडे चाललेला एक हात. हवालदारांनी तीनदा मागे नेऊन पाहिलं. "हा कोण?" मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "आमचाच आहे. घड्याळ मीच दिलंय त्याला, दहावीला." आणि चहा टाकायला उठली. चिडली असती तर बरं झालं असतं, असं मी बरीच वर्षं म्हणायचो. बरं कुणाला? मलाच.

दोन सीन राहिलेत. दाराला आता लोखंडी सेफ्टी डोअर आहे, आधीच्या शॉट्सशी कंटिन्युइटी जुळणार नाही. हेही कारण खोटं नाही. पण पोलिसांना देताना त्या क्लिपची एक कॉपी मी पेनड्राइव्हवर घेतली होती. शेवटचा शॉट म्हणून तिच्या तोडीचं मला अजून काही सुचलेलं नाही. मावशीला विचारलेलं नाही.