6जीची वाट बघत बसलो नाही

गेल्या श्रावणात रात्री सव्वाअकराला साताऱ्याजवळच्या परळी खोऱ्यातनं फोन आला. गाय अडली होती. "डॉक्टर, एकच पाय भाईर आलाय." मी म्हटलं, व्हिडिओ पाठवा. दुसरा पाय आत दुमडलाय का वासरू उलटं आलंय, हे निघण्याआधी कळलं तर बरं असतं. व्हिडिओ आला, मी तो उघडला आणि बॅटरी 22 टक्के दाखवत असताना फोन बंद पडला. चार्जरला लावून परत सुरू होईस्तोवर दहा मिनिटं गेली. शाहूपुरीतनं पोचलो, गाय वाचली, वासरू गेलं. दहा मिनिटांनी फरक पडला असता का, हे मला सांगता येत नाही. पण त्या रात्रीपासून ती दहा मिनिटं डोक्यातनं जात नाहीत.

फोन 2019 चा होता, 4जी. 2021 मध्येच बदलायला हवा होता, पण तेव्हा 'आता 5जी येणारच आहे' म्हणून थांबलो. 5जी देशात सुरू झालं 1 ऑक्टोबर 2022 ला. मग म्हटलं, किमती उतरू देत. तोवर मार्च 2023 मध्ये सरकारनं 6जीचा आराखडा जाहीर केला आणि इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणायला लागला, "मामा, एवढं थांबलाय तर अजून थोडं थांबा की." ते थोडं म्हणजे 2030 च्या आसपास! कंपनीकडून येणारे सुरक्षेचे अपडेट केव्हाच बंद झाले होते. बँकेचं ॲप रोज बजावत होतं. तरी मी थांबलेलाच.

वासरू गेल्यावर मात्र भाच्याला म्हटलं, तुझा 5जी फोन दोन दिवस दे. त्यात माझं सिम घातलं आणि रोजच्या फेरीला निघालो. पोवई नाक्यावर 5जी झकास. बोगदा ओलांडून गजवडीकडं गेलो की कधी 5जी, कधी 4जी. उरमोडी धरणाच्या वर, जिथनं मला रात्री-अपरात्री फोन येतात, तिथं सरळ 4जी, तेही एखाद-दुसऱ्या दांडीवर. गोठ्याच्या दारात उभं राहिलं की दोन दांड्या, आत गव्हाणीपाशी गेलं की एकही नाही.

कारण भाच्यानंच समजावलं, आणि ते मला पटलं. 5जीचा जो पट्टा, म्हणजे लहरींचा बँड, जास्त वेग देतो तो साडेतीन हजार मेगाहर्ट्झच्या आसपासचा. त्या लहरी लांब जात नाहीत, डोंगर आणि भिंती त्यांना अडवतात. 700 मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, घरात शिरतात, पण वेग कमी. आणि 6जीसाठी ज्या नव्या पट्ट्यांचा विचार चाललाय, त्यात सात-आठ हजार मेगाहर्ट्झचेही आहेत. त्यांचा निर्णय 2027 च्या जागतिक रेडिओ परिषदेत व्हायचाय. म्हणजे ते आलं तरी आधी शहरात येणार. आमच्या खोऱ्यातला माणूस तेव्हाही 4जीवरनंच व्हिडिओ पाठवत असेल. मग मी कुणासाठी थांबलो होतो?

दुकानात गेल्यावर मी कॅमेऱ्याचं काही विचारलं नाही. विचारलं, यात 5जीचे पट्टे कुठले? एन78 आणि एन28 दोन्ही आहेत का? एन78 म्हणजे तो साडेतीन हजारवाला आणि एन28 म्हणजे 700 मेगाहर्ट्झवाला. दुकानदाराला सांगता येईना, खोक्यावरही नव्हतं. शेवटी कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलच्या पानावर सापडलं. स्वस्तातल्या एका फोनमध्ये एन28 नव्हता, तो तिथंच ठेवला. दुसरा प्रश्न, अपडेट किती वर्षं मिळणार? यात हल्ली मोठा फरक पडलाय, मधल्या किमतीतल्या काही फोनांनाही सहा वर्षं मिळतात. तिसरं, वाय-फाय कॉलिंग. वरच्या एका वाडीत दूध संकलन केंद्रावर वाय-फाय आलंय, तिथं टॉवरची रेंज नसली तरी कॉल लागतो. माझ्या धंद्याला याच्याइतकी कामाची सोय दुसरी नाही.

फोन बदलणं सोपं, बँकेचं काम किचकट. पैसे पाठवायच्या ॲपसाठी सिम नव्या फोनमध्ये असावं लागतं, त्यावरनं एसएमएस जातो, तेव्हा कुठं नोंदणी होते. माझ्या बँकेनं पहिल्या दिवसापुरती रकमेची मर्यादाही कमी केली. औषधवाल्याचं बिल त्याच दिवशी द्यायचं होतं, ते रोख द्यावं लागलं. तेव्हा बदलायचा दिवस बघून निवडा.

जुना फोन टाकला नाही. दवाखान्यात चार्जरलाच लावून ठेवलाय, गाईंच्या कृत्रिम रेतनाच्या नोंदींपुरता.

दिवाळीनंतर त्याच गोठ्यात गेलो. गाय माजावर होती, रेतन केलं. मालकांनी विचारलं, "कधी इल?" तिथंच गाभणपणाचे 280 दिवस मोजून तारीख नव्या फोनमध्ये टाकली, आणि त्याच्या आठ दिवस आधीची एक आठवणही लावली.