पाचवा बॅकस्पेस

हैदराबाद रोडच्या मार्केट यार्डात एका कांद्याच्या आडतीवर मी केलेलं वेब-ॲप चालतं. गाडीची आवक, वजन, लिलावाचा भाव, हमाली-तोलाई-भाडं, उचल असेल तर ती, आणि सगळं वजा जाता शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी, असं सगळं त्यात येतं. पुण्याची नोकरी सोडून सोलापुरात परतल्यावर घेतलेलं हे माझं पहिलं काम. पैसे फार मिळत नाहीत, पण पहिलं म्हणून जीव जास्त आहे.

जानेवारीत एका सकाळी पावणेआठला दिवाणजींचा फोन आला. ते कधी घाबरत नाहीत. त्या दिवशी आवाज दबका होता. "ताई, एका शेतकऱ्याचा माल सापडंना. माणूस समोर उभाय. तुम्ही याच."

गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे दिवस होते. त्या दिवशी ६८ लिंगांचा तैलाभिषेक, सात नंदीध्वजांची मिरवणूक शहरात फिरणार, म्हणजे रस्ते ठिकठिकाणी बंद. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं सकाळपासूनच चौकाचौकांत दिसत होती. विजापूर रोडवरून गल्लीबोळ काढत यार्डात पोचायला मला पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी भोगी, अक्षता. सणाच्या आधी पट्टी घेऊन गाव गाठायचं म्हणून प्रत्येक आडतीपुढे माणसं बसलेली. कांद्याच्या हंगामात या यार्डात पाय ठेवायला जागा नसते, आणि वाऱ्यावर उडणारा टरफलांचा लाल पापुद्रा संध्याकाळपर्यंत केसांतून निघत नाही.

मोहोळकडचे एक साठीचे काका काउंटरशी उभे होते. त्यांचं खरं आडनाव इथे लिहिणं बरं नाही. त्याच ठेवणीचं दुसरं घेते. कुऱ्हाडे. काकांनी ६४ पिशव्या आणल्या होत्या, दोन खेपांत. पट्टी निघाली होती ३८ पिशव्यांची.

"माझं नाव दिसतंय की हितं," काका पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. "मग २६ पिशव्या कुटं गेल्या?"

आवाज चढलेला नव्हता. मला तेच जास्त लागलं. माल उतरवून घेतलेला हमाल शेजारीच उभा होता, पिशव्या त्यानं स्वतः मोजल्या होत्या. म्हणजे खोटं फक्त माझं ॲप बोलत होतं.

मी लॅपटॉप उघडून बसले. नेहमीचे संशयित आधी पाहिले. नावाच्या शेवटी एखादी स्पेस राहिली असेल, तर ती मी आधीपासूनच काढते. गावाचं नाव दोन तऱ्हांनी पडलं असेल, तर तेही नाही. रात्रीची नोंद सेव्हच झाली नसेल, तर लॉगमध्ये तीन वाजून बारा मिनिटांची नोंद स्पष्ट होती, पिशव्या २६. मग खात्यांची पूर्ण यादी काढली आणि तिथे पोटात गोळा आला. एकाच गावात, एकाखाली एक, दोन कुऱ्हाडे. नाव तेच, वडिलांचं नाव तेच. एका खात्यावर ३८ पिशव्या, दुसऱ्यावर २६.

दोन खाती आहेत हे कळलं, पण ॲपनं ती एक का मानली नाहीत? त्यात मी नाव आणि गाव मिळूनच माणूस ओळखत होते. आडतीच्या चोपडीत तसंच चालतं: गाव, त्याखाली नाव, त्याचं पान. शेतकऱ्यांचे मोबाइल बदलतात, एका नंबरावर चौघा भावांची नावं असतात, म्हणून मी चोपडीचीच रीत उचलली होती. दोन्ही नावं कॉपी करून ब्राउझरच्या कन्सोलमध्ये टाकली, सारखी आहेत का विचारलं. उत्तर आलं, फॉल्स, म्हणजे नाहीत. लांबी विचारली. एकाची ८, दुसऱ्याची ९.

कुऱ्हाडे आणि कुर्‍हाडे. पडद्यावर डोळे फोडून पाहिलं तरी फरक नाही.

दिवाणजी माझ्या खांद्यामागे उभे होते. त्यांना मी नोटपॅड उघडून दिलं, दोन्ही नावं दोन ओळींवर चिकटवली आणि म्हटलं, "अण्णा, शेवटापासून एकेक खोडत या. दोन्ही ओळी, सारख्याच वेळा." त्यांनी पहिल्या ओळीवर बॅकस्पेस दाबला. मात्रा गेली. मग ड गेला, मग काना, मग ह. दुसऱ्या ओळीवरही तसंच. चार वेळा दोन्ही ओळी जुळ्या भावांसारख्या. पाचव्या बॅकस्पेसला पहिल्या ओळीत र राहिला, खाली टिंब असलेला. दुसऱ्या ओळीत राहिला साधा र, पाय मोडलेला. दिवाणजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याजवळ तोंड नेलं.

"हे टिंब कुठनं आलं?"

ते आधीपासूनच होतं. आपला 'ऱ्ह', 'ऱ्य' यांतला तो आडवा अर्धा र, ज्याला युनिकोडचे, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीचे, लोक पापणीचा र म्हणतात, तो संगणकात दोन वाटांनी लिहिता येतो. एक वाट टिंबाच्या ऱ ची: ऱ, मग हलन्त. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबला की हा ऱ येतो. दुसरी वाट साध्या र ची: र, हलन्त, आणि त्यामागे 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचं एक अदृश्य अक्षर, ज्याला रुंदीच नाही. युनिकोडच्या नियमांत पहिली वाट मुख्य म्हणून दिली आहे, हे रूप मराठी आणि नेवारीत वापरतात असं तिथे लिहिलंय. दुसरी वाट १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीशी जुळतं राहावं म्हणून ठेवली आहे. फॉन्ट दोन्ही वाटांवर तीच आकृती काढतो. डेटाबेस मात्र आकृती बघत नाही. माझा पोस्टग्रेस बाइटला बाइट जुळवतो: एका नावाचे २४, दुसऱ्याचे २७. त्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसं.

आता मागचा धागा लागला. पहिल्या हंगामात जुनी खाती आम्ही जुन्या फॉन्टातल्या फायलींमधून आणली होती. त्या फॉन्टांत देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत, म्हणून फुकट मिळालेल्या एका कन्व्हर्टरमधून सगळा डेटा युनिकोडमध्ये काढला. त्यानं प्रत्येक अर्ध्या र मागे ते अदृश्य अक्षर चिकटवून दिलं. दिवसा दिवाणजी काउंटरवर असतात. ते टाइप करत नाहीत, यादीतून गाव काढून नाव निवडतात. त्यामुळे माल जुन्या खात्यावर पडतो. रात्रीच्या गाड्या उतरवून घेणारा मुलगा मात्र भराभर टाइप करतो, इनस्क्रिप्टवर, शुद्ध. त्याच्या ऱ ला जुनं खातं सापडायचं नाही, आणि ॲप नम्रपणे विचारायचं, नवीन खातं उघडायचं का? तो हो म्हणायचा. त्याची यात काहीच चूक नव्हती. नावाला मी किल्ली केलं आणि ते नाव किती तऱ्हांनी लिहिलं जाऊ शकतं याचा विचार केला नाही. मराठी माझी भाषा असून.

पुढची चूक मी घाईत केली. काका उभे, मागे रांग. रुंदी नसलेली सगळी अक्षरं उडवायची एक ओळीची युक्ती पाठ होती, ती थेट चालू ॲपवर चालवली. दिवाणजींनी पट्टी छापली, काकांच्या हातात दिली. काका शाळा फार शिकलेले नसावेत. नावावर बोट ठेवून, अक्षर लावून वाचत होते. मध्येच थांबले.

"ह्ये आमचं नाव न्हाई."

कागदावर 'कुर्हाडे' उमटलं होतं. ह च्या डोक्यावर रफार. अदृश्य अक्षर काढलं की मागे राहतो नुसता र आणि हलन्त, आणि तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढून बसतो. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. आचाऱ्यांना जेवण करायला सांगतात, आचार्यांना नमस्कार करतात. जगभर चालणारी ती युक्ती आपल्या भाषेत माणसाचं नाव बदलते, आणि एवढं साधं मला त्या क्षणी सुचलं नव्हतं. ते काकांच्या बोटानं पकडलं.

मी बॅकअपमधून नावं जशीच्या तशी परत आणली आणि या वेळी दहा मिनिटं हात कीबोर्डवरून काढून ठेवले. दिवाणजींनी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली. खाता खाता वहीवर लिहिलं. दिसणारं नाव हात न लावता ठेवायचं. शेजारी दुसरा रकाना, फक्त जुळणीसाठी. त्यात र, हलन्त आणि जॉइनर एकत्र दिसले की आधी त्यांचा ऱ आणि हलन्त करायचा. मगच उरलेली अदृश्य अक्षरं काढायची. क्रम उलटा झाला की रफार. तिसराही एक प्रकार असतो, र आणि वेगळं टिंब. तो युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननं, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करण्याच्या पद्धतीनं, आपोआप ऱ होतो. पण 'ॲड.' मधला ॲ होत नाही. तो स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आला, त्याआधीचे लोक अ वर चंद्र देऊन लिहीत आणि आजही लिहितात. तोही यादीत घेतला. शोध आणि नवीन खातं, दोन्ही या रकान्यावरून. आणि यापुढे प्रत्येक खात्याला स्वतःचा क्रमांक, नाव हे फक्त नाव.

या वेळी आधी माझ्या लॅपटॉपवरच्या नकलेवर चालवलं, दिवाणजींना २० नावं मोठ्यानं वाचायला लावली, मग लाइव्ह केलं. दुपारी दीडला ६४ पिशव्यांची पट्टी निघाली. काकांनी पुन्हा बोटानं नाव वाचलं, मग आकडे, मग घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. मी चूक कबूल केली. ते म्हणाले, "सापडलं न्हवं? झालं मग. येतो." आणि एसटी धरायला गेले.

माझं झालं नव्हतं. साडेसहाला लंडनच्या एका ग्राहकाशी कॉल होता, त्याचं काम त्या दिवशी पूर्ण करून द्यायचं कबूल केलं होतं. दर पाडव्याला मी डायरीत तीन ओळी लिहिते. त्या वर्षीची पहिली ओळ होती: मार्चपर्यंत इथली कामं आवरून सगळी बाहेरची घ्यायची. हिशेब सरळ आहे, तिकडच्या एका आठवड्याच्या कामात आडतीचं वर्ष निघतं. आईची औषधं, घराचा हप्ता, मला ते नाकारता येत नाही. दुसरी ओळ होती पुण्याला परत जायचं नाही. तिसरी बऱ्याच वर्षांपासून तीच आहे: स्वतःचं एक तरी काम सगळ्यांना वापरायला खुलं ठेवायचं.

लंडनला निरोप पाठवून एक दिवस मागून घेतला. यापूर्वी कधी मागितला नव्हता. मग सगळ्या खात्यांवर जुळणीचा रकाना चालवला आणि एकाच माणसाची दोन खाती कुठे कुठे आहेत ते काढलं. १९ जोड्या निघाल्या. जवळजवळ सगळ्या त्याच अर्ध्या र च्या. ज्यांच्या आडनावात 'ऱ्ह' नाही, त्यांना दोन हंगामांत काही त्रास झाला नव्हता, म्हणून कुणाला कळलंही नव्हतं. एका माणसाची उचल एका खात्यावर तशीच थकलेली दिसत होती आणि माल दुसऱ्यावर जमा. त्याला थकबाकीचे दोन मेसेज गेले होते. एका बाईंच्या नावावर मागच्या हंगामातल्या ११ पिशव्यांचे पैसे पडून होते. त्या मागायला आल्या नव्हत्या. का आल्या नाहीत, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही.

दिवाणजींना फोनवर एकेक जोडी वाचून दाखवली. ते नावागणिक म्हणत, "हां, ह्यो एकच माणूस," किंवा "थांबा, हे चुलत भाऊ, वेगळे ठेवा." असे दोन निघाले. ते कुठल्याही कोडला कळलं नसतं. मालकांनी रात्रीच सांगितलं, सण झाला की सगळ्यांना बोलवून पैसे चुकते करायचे, आणि त्या बाईंचे घरी पोचवायचे. थकबाकीच्या मेसेजबद्दल त्या माणसाला मी स्वतः फोन केला.

जुळणीचा तो तुकडा, नावं बदलून केलेल्या चाचण्यांसह, मी त्याच रात्री खुला करून टाकला. फार मोठा नाही, ६० ओळी. लंडनचं काम दुसऱ्या दिवशी दिलं. डायरीतली पहिली ओळ मी खोडलेली नाही, पण मार्च येऊन गेला आणि आडत माझ्याकडेच आहे.

त्या रात्री पावणेबाराला फोन वाजला. रात्रीच्या मुलानं पडद्याचा फोटो पाठवला होता. मोहोळकडची दुसरी एक गाडी लागली होती. त्यानं शिफ्ट धरून जे दाबला होता, चार अक्षरं टाइप केली होती, आणि खाली यादीत एकच खातं आलं होतं. जुनं.