आमची वाटचाल : ११० क्विंटल तूर

माझे वडील लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होते. संध्याकाळी धोतराच्या सोग्यात सांडलेली तूर बांधून आणायचे. आई ती निवडायची, तेल-पाण्याचा हात लावून रात्रभर पोत्याखाली दडपून ठेवायची, उन्हं दाखवायची आणि मग आम्ही दोघी बहिणी जात्यावर बसायचो. जात्याचा आवाज बदलला की आई चुलीपुढूनच ओरडायची, "वैरण कमी घाल, कणी पडायली." वैरण म्हणजे जात्यात घालायची दाण्यांची मूठ. माझं शिक्षण ते.

लग्नानंतर औसा तालुक्यात आले. दोन एकर कोरडवाहू. २००९ मध्ये मी आणि थोरल्या जाऊबाई, दोघींनी बचत गटाचं कर्ज काढून आणि त्यांच्या पाटल्या गहाण टाकून मिनी डाळ मिल आणली, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची. लोडशेडिंग इतकं, की रात्री दोनला लाइट आली तर दोनला उठून मिल सुरू करायची. जाऊबाई चाळणीवर, मी रोलरवर.

रोलरबद्दल बोलायलाच हवं. पहिल्या फेरीत तूर फुटता कामा नये, नुसती ओरबाडली गेली पाहिजे, म्हणजे तेल टरफलाखाली मुरतं. घाईनं पहिल्याच फेरीत फोडली की चुनी, म्हणजे तुकडा-भुगा, वाढली आणि डाळीचा उतारा गेला. रोलरवरचा एमरीचा खरखरीत थर झिजला की दाणा घसरतो, आवाज पातळ होतो. तेव्हा मिल बंद ठेवावी, पण झिजलेल्या रोलरवर माल काढू नये. आणि तूर घेताना ओलावा मोजायचं मशीन नंतर, आधी दाणा दातानं फोडा. कट्ट वाजला तर घ्या, चिवटला तर सोडा. जानेवारीतली पहिली ओली तूर स्वस्त मिळते म्हणून भरू नका.

आमच्या डाळीच्या पहिल्या कट्ट्याच्या, म्हणजे पोत्याच्या, गिऱ्हाईक म्हणजे खानावळवाल्या काकू. लातूरला शिकवणीसाठी आलेल्या दोनशे पोरांचं जेवण त्यांच्याकडे. मिलवर यायच्या, मूठभर डाळ तळहातावर चोळायच्या, हाताला पॉलिशची चकाकी लागते का बघायच्या. कधी लागली नाही. त्यांना बीएसएमआर ७३६ या लाल तुरीच्या वाणाचीच डाळ लागायची.

२०१५ च्या दिवाळीला तूरडाळ किलोला दोनशेवर गेली. त्या वर्षी आम्ही कमावलं आणि तिथंच माझा अंदाज चुकला. जून २०१६ मध्ये नऊ हजारांच्या भावानं ११० क्विंटल तूर भरली. निम्मी रोख, निम्मी आडत्याच्या उधारीवर, फेब्रुवारीअखेरच्या वायद्यानं. एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे त्या पावसाळ्यात नद्यांना पूर आले. दुष्काळाला आणि मागच्या भावाला बघून सगळ्यांनीच तूर पेरली होती. वावरात ती डोक्याएवढी झाली. शेतकऱ्याची सून म्हणून आनंद होता आणि गोदामातल्या थप्प्या बघून पोटात गोळा. नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या, मोंढ्यातले व्यवहार थंडावले. फेब्रुवारीत हमीभाव ५,०५० आणि मोंढ्यातल्या सौद्याचा भाव त्याच्याही बराच खाली.

ज्या आडत्याच्या दुकानात माझ्या वडिलांनी वीस वर्षं पोती उचलली, त्यानं भर सौद्यात सांगितलं, "बाईची मिल बसली, तिला माल देऊ नका." आठ दिवसांत बाकीच्या दुकानांनीही हात आखडला. मी पैसे बुडवले असते तर खाली मान घालून ऐकलं असतं. माझ्या वायद्याला अजून बारा दिवस होते. हे बारा दिवस मी विसरणार नाही आणि विसरावेत असं मला वाटतही नाही.

काकूंच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून मिलवर आल्या. पिशवीत सहा महिन्यांच्या डाळीचा चेक. म्हणाल्या, "भाव आजचा लाव. तू मिल बंद केलीस तर मी पोरांना काय वाढू?" जाऊबाईंनी सोडवून आणलेल्या पाटल्या या वेळी मोडल्याच. अकराव्या दिवशी मी आडतीवर जाऊन रक्कम चुकती केली आणि पावतीवर सही घेतली. ती पावती मिलमध्ये देव्हाऱ्याशेजारी काचेत लावली आहे.

त्यानंतरची वर्षं कामात गेली. दुसरा रोलर आला, मोठी चाळणी आली, आज गावातल्या अकरा बाया कामाला आहेत. काकूंची खानावळ आता त्यांची सून बघते, डाळ आमचीच जाते.

गेल्या जानेवारीत त्याच आडतीवरून त्या आडत्याचा मुलगा आला. "मावशी, तूर पाठवू का?" म्हटलं, पाठव. काटा माझा, पैसे रोख. गाडी आली. जाऊबाईंनी पहिल्या कट्ट्याची शिवण उसवली, मी दाणा दाताखाली धरला. चिवट होता. दुसऱ्या कट्ट्यातला घेतला, तोही तसाच. गाडी भरलेली तशीच परत पाठवली.